बांधावरची पांढरी रेघ

मार्गशीर्षातल्या कोवळ्या उन्हात तरवडाची फुलं अशी काही पिवळी दिसतात की डोळ्यांना क्षणभर ज्वारीची हिरवाईही फिकी वाटावी. तिसगावच्या शिवारातल्या त्या बांधावर मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा तरवड असाच फुललेला होता. हिवराच्या काट्यांत मुनियांची घरटी, बोरीखाली मुंगसाची ये-जा, गवतातून अचानक फडफडत उठणारे तितर! बांध कसला, दोन शेतांच्या मधोमध लांबट पसरलेलं रानच ते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शेतांचे तुकडे केवढे, त्यांच्यामधले बांध किती लांब, किती रुंद, हे मोजून नकाशावर उतरवायचं आणि त्या आकृतिबंधावरून शिवारातली जीवसृष्टी कितपत तगून आहे याचा अदमास घ्यायचा, हे माझं काम होतं. दर वर्षी नेमक्या त्याच जागेवरून मोजता यावं म्हणून मी बांधाच्या मधोमध चुन्याची सरळ रेघ ओढली. त्या अचूकपणाचा तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता!

बांधाच्या दोन्ही अंगांना दोन चुलतभावांची शेतं होती. हद्द नेमकी कुठून जाते यावर त्यांचा पिढीजात वाद, आणि त्या वादापायीच बांधाला नांगर लावायची कुणाची छाती होत नव्हती. माझी रेघ पाहून दोघंही धावत आले, मला साहेब म्हणाले, घोंगडी अंथरून गुळाचा चहा पाजला. हद्द ठरवायला आलेला सरकारी माणूस तो हाच, अशी त्यांची समजूत झालेली मला स्वच्छ दिसत होती. एका वाक्यात ती दूर करता आली असती. पण तो मान मला सुखावत होता, आणि खरं सांगितलं तर तो जाईल या भीतीने मी गप्प राहिलो.

पुढच्या वर्षी गेलो तर बांधच नव्हता. चुना पावसात धुऊन जाईल म्हणून रेघेवर हारीने दगड पुरलेले, आणि दोन्हीकडून ज्वारी थेट दगडांना भिडलेली. इतक्या वर्षांचं भांडण मिटलं म्हणून भावांनी माझे आभारही मानले.

तिथेच कौसाबाई भेटली. गावातली ही भूमिहीन मजूर बाई वर्षानुवर्षं त्या बांधाचं गवत कापून दोन शेळ्या पाळत आली होती. वादातला बांध कुणाचाच नव्हता, म्हणून रीतीने तो तिचा होता. ती शांतपणे म्हणाली, "दादा, तुमी रेघ वढली, त्यांनी तिथपातूर नांगर घातला. शेरडं इकली म्या. तुमचं मोजून झालं का?"

मला तिच्याकडे बघवेना. मी टेप गुंडाळली आणि पाय उचलला.

वाचका, शरमेचा खरा भाग याहून पुढचा आहे. अहवालात बांध नाहीसा होण्याचं कारण लिहायला एक रकाना होता. त्यात मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'शेतकऱ्यांचे अतिक्रमण'. वरिष्ठांनी तो अहवाल वाखाणला. आपल्या अपराधाला इतकं भारदस्त नाव द्यायला माणूस कुठे शिकतो? तो कागद कौसाबाईच्या हाती कधीच पडणार नाही, एवढ्याच भरवशावर मी ते लिहिलं होतं.