खालच्या काकांची तेल पिणारी मोटारसायकल

खालच्या काकांइतका शिस्तीचा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही, आणि शिस्तीपायी इतका गोत्यात आलेलाही दुसरा पाहिला नाही. मूळचे साताऱ्याकडचे. हवाई दलात विमानांची इंजिनं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं, आणि निवृत्त होऊन काकूंसह मोहालीतच राहिले. मी बदलीवर आलेला सरकारी नोकर, त्यांचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. काकांचा एकच मंत्र, जे काही तपासायचं ते निघण्याआधी. पावसाचा पत्ता नसतानाही रोज सकाळी छत्री उघडून मिटायचे. एकदा शेजारच्या वरातीत घोडीभोवती प्रदक्षिणा घालून त्यांनी खोगिराचा पट्टा सैल असल्याचं जाहीर केलं आणि सजलेल्या नवरदेवाला खाली उतरवलं. बँडवाले थांबले, सासरे हात जोडू लागले, पण पट्टा खरोखरच सैल निघाला! तेव्हापासून गल्लीत त्यांच्या शब्दाला भलताच मान आला.

अशा माणसाची अब्रू घालवली ती त्यांच्या जुन्या मोटारसायकलनं. ती तेल प्यायची. रोज सकाळी सहाच्या ठोक्याला काका इंजिन ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून पट्टीवर तेल बघायचे, ते खुणेच्या खाली असायचं. मग "प्याली बघ पुन्हा!" असं म्हणत ते खुणेपर्यंत भरायचे आणि किक मारायचे. मागे असा निळा धूर उठायचा की समोरच्या सरदारजींच्या मातोश्री वाळत घातलेले कपडे पटापट आत न्यायच्या. काकांनी इंजिन तीनदा उतरवलं. रिंगा बदलल्या, सिलिंडर बोअर करून आणला, व्हॉल्व्हचे गाइड बदलले. सुटे भाग काकूंच्या पोळ्यांच्या परातीत. "माझी परात आहे की तुमचं वर्कशॉप?" असं काकूंनी विचारलं की काका म्हणायचे, "परात नंतर तपासून देतो."

पण खरं दुखणं वेगळंच होतं. चार वर्षांपूर्वी लग्नाच्या वाढदिवसाला दोघं पिंजौरच्या बागेत निघाली होती. गाडीनं टाकीची हवा सुटायच्या नळीतून तेलाची अशी पिचकारी मारली की काकूंची नवी मोतिया साडी पदरापर्यंत रंगली. काकू भर रस्त्यात उतरल्या. "हिचं तेल पिणं थांबेल त्या दिवशी बसेन," असं सांगून त्यांनी रिक्षा केली. तेव्हापासून भाजीला निघालं तरी काकू रिक्षात, आणि काका मोटारसायकलवरून रिक्षाच्या मागे, वळण आलं की हॉर्न देत. लोक हसायचे, मीही हसायचो. एकदा मात्र सीट पुसता पुसता काका म्हणाले, "तेलाचं काय नाही रे लेका. मागं वजन नसलं की गाडी उडते." त्यानंतर मला काही हसता आलं नाही.

मग एका थंडीत काकांना सणसणून ताप आला. सेक्टर बावीसमधून त्यांचं औषध आणायचं होतं, आणि माझी स्कूटर नेमकी गॅरेजात. काकांनी मन घट्ट करून किल्ली दिली, पण हुकूमही सोडला, "आधी तेल बघ. कमी असलं तर भर. मगच किक." आता मी पडलो आळशी. उठलो आठला, किक मारली आणि थेट सेक्टर बावीस गाठलं. परत आल्यावर तेलाची आठवण झाली. विचारलं तर काय सांगणार, म्हणून गुपचूप झाकण उघडलं. तेल खुणेच्या कितीतरी वर आलं होतं! मी तर थेंबही घातला नव्हता.

कबुली द्यायला आत गेलो. काका तापातच ताडकन उठून बसले. मग हळूहळू म्हणाले, "उभ्या गाडीचं तेल रात्रभर खाली इंजिनात उतरतं. चालवली की परत टाकीत चढतं. मी रोज चढायच्या आधीच बघतोय." म्हणजे गाडी काही पीतच नव्हती. काकाच तिला रोज सकाळी जास्तीचं पाजत होते आणि ती बिचारी ते साडीवर ओकत होती. विमानांची इंजिनं जोडणारा तो माणूस चादरीत तोंड खुपसून म्हणाला, "हिला सांगू नकोस." काकू औषधाचा चमचा घेऊन दारातच उभ्या होत्या.

ताप उतरल्यावर काकांनी जास्तीचं तेल काढून टाकलं. आठवडाभर गाडीनं ना धूर केला ना पिचकारी मारली. आठव्या दिवशी काकू ओट्यावरून, माझ्या खांद्याला धरून, गुडघ्याला नावं ठेवत मागच्या सीटवर बसल्या. अंगावर तीच मोतिया साडी होती, डाग खालच्या निऱ्यांत लपवलेले. काकांनी त्या दिवशी गाडीभोवती प्रदक्षिणा घातली नाही. विसरले असावेत. तेव्हापासून नवीन शिस्त लागली. तेल बघायचं तर इंजिन गरम हवं, आणि गरम करायचं तर फेरी हवी. रोज संध्याकाळी हाक ऐकू यायची, "अगं, तेल बघायचंय, चल!"

आता माझी बदली नागपूरला झाली आहे. परवा संध्याकाळी सहज फोन केला तर काकू म्हणाल्या, "आम्ही तेल बघायला पिंजौरकडे निघालोय रे."

"किती उतरतंय आता?" मी विचारलं.

"कुठलं उतरतंय! पण हे म्हणतात, रोज बघायला हवं." मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "मीही म्हणते, हवंच."

घाईत फोन बंद करायला त्या विसरल्या. पिशवीतूनच मला किक ऐकू आली, मग ती ओळखीची धडधड आणि काकूंचं "अहो, जरा हळू." मला त्या धुराची, त्या ओट्याची, त्या दोघांची अशी काही आठवण आली की विचारू नका. फोन मीही ठेवला नाही. पिंजौरच्या वाटेवर कुठेतरी रेंज जाईपर्यंत तसाच कानाला लावून उभा राहिलो.