वाकड्या तुकड्याचं क्षेत्रफळ

माझा स्वभाव संशयी आहे. दूधवाल्याचं माप, एसटीची वेळ, पाहुण्यांचं "उद्या नक्की येतो", यातल्या कशावरही मी पहिल्या झटक्यात विश्वास ठेवत नाही. बायको म्हणते, गणित शिकवून शिकवून हा रोग जडला. मला वाटतं रोग आधीचाच, गणित त्याला नंतर चिकटलं. मेडशीच्या पलीकडे एका गावात मी माध्यमिक शाळेवर शिकवतो आणि माझा सगळ्यात जास्त संशय बरोबर उत्तरावर असतो. चुकलेलं उत्तर बिचारं प्रामाणिक असतं, पोरगं कुठं अडलं ते सांगून टाकतं. बरोबर उत्तर गाईडमधून येतं, शेजारच्या बाकावरून येतं, शिकवणीवाल्याच्या "हे पाठच करा"मधून येतं. म्हणून कुणी उत्तर दिलं की मी लगेच "कशावरून?" असं विचारतो आणि पोरं वैतागतात.

पण त्या वर्षी चुकलेल्या उत्तरानंच मला चक्रावून टाकलं. नववीची चाचणी होती. आठवीतलं क्षेत्रफळ डोक्यात कितपत उरलंय ते पाहावं म्हणून एक सोपा प्रश्न घातला होता. समलंब चौकोनी शेत, समांतर बाजू चाळीस आणि वीस मीटर, दोन्ही तिरप्या बाजू सव्वीस मीटर. उत्तर सातशे वीस चौरस मीटर. पेपर तपासायला बसलो तर पहिल्यात सातशे ऐंशी. दुसऱ्यात सातशे ऐंशी. गठ्ठा संपत आला तरी तेच. हुशार पोरीचं तेच आणि एरवी पेपर कोरा देणाऱ्याचंही तेच. मनात शंकेची पाल चुकचुकली. एवढी एकजूट या वर्गानं आजवर कशातच दाखवली नव्हती.

आधी संशय नक्कल करण्यावर गेला. मग मालेगावच्या शिकवणीवाल्यावर गेला, कारण तो माणूस मला तसाही आवडत नाही. मी कुणाला काही बोललो नाही. दोन दिवसांनी सगळ्यांना व्हरांड्यात लांब लांब बसवलं, आकडे बदलले आणि पुन्हा तसाच प्रश्न दिला. मी स्वतः मधून फेऱ्या मारत होतो, माना वळू दिल्या नाहीत. पुन्हा सगळ्यांची चूक एकाच जातीची निघाली.

तेव्हा मात्र मी भडकलो. "कुणी शिकवलं हे? नाव सांगा, नाहीतर सगळ्यांना शून्य," असं म्हणालो. मग खिडकीजवळची एक मुलगी उठली. तिच्या घरी भाजीपाल्याची बागायत होती. सकाळी मेथीच्या जुड्या बांधून ती शाळेत यायची, त्यामुळे बोटं हिरवट असायची.

"नक्कल नाई केली सर," ती म्हणाली. "आमच्याकडं वावर असंच मोजते."

"असंच म्हणजे कसं?"

"समोरासमोरच्या दोन बाजू मिळवाच्या, निम्म्या कराच्या. दुसऱ्या दोघीचं बी तसंच. मंग गुणाचं."

मागून दोन-चार जणांनी होकार भरला. सरकारी मोजणी निराळी, पण भावाभावांत घरच्या घरी वाटणी करायची असली की गावातले जाणते लोक दोरी घेऊन येतात, चारी धुरे, म्हणजे बांध, मोजतात आणि हा हिशेब करतात. पोरांनी तो पुस्तकाच्या आधी बांधावर शिकला होता. म्हणून माझं सूत्र त्यांना परीक्षेपुरतं वाटायचं आणि दोरीचं सूत्र खरं वाटायचं. चाचणीत सूत्र आठवलं नाही तेव्हा प्रत्येकानं आपापलं खरं सूत्र काढलं होतं.

मी "हे चूक आहे" असं म्हणालो नाही. नुसतं म्हटलं असतं तर त्यांनी वहीत लिहून घेतलं असतं आणि शेतात जाऊन दोरीच टाकली असती. मी चौकटीच्या कागदाचे ताव वाटले. वाकडीतिकडी शेतं काढा, आतले चौकोन मोजा, मग दोरीनं काय येतं ते पाहा, असं सांगितलं. एकानं लगेच शंका काढली, "सर, हा कागद तुमीच आणला. ह्यातले चौकोन बरोबर हायेत कायवरून?" मला इतका आनंद झाला की त्याला मिठी मारावीशी वाटली. पट्टी देऊन त्याला कागद तपासायला बसवलं.

बहुतेकांचा उत्साह दोन तासांत संपला. दोरीचं उत्तर जास्त येतं, एवढं कळल्यावर ते मोकळे झाले. ती मुलगी मात्र सोडेना. मधल्या सुट्टीत कागद घेऊन यायची.

"सर, हे दरवेळी जास्तच येते काय? कधी कमी येत नाई?"

"शोध."

चार दिवसांनी पुन्हा हजर. "कोने काटकोनात असले तं बरोबर येते. नाई तं जास्तच. जितकं वाकडं, तितकं जास्त. पण सर, एखांदं वाकडं वावर असंन ना, ज्याचं दोरीनं बरोबर येत असंन?"

हा प्रश्न तिनं तीन-चार वेळा वेगवेगळ्या शब्दांत विचारला तेव्हा माझे कान टवकारले. नववीतली मुलगी क्षेत्रफळाच्या मागे एवढी का लागेल? तिच्याच गावचे आमचे मराठीचे सर होते. त्यांना सहज विचारलं तर ते म्हणाले, "तिच्या बापाची नि काकाची वाटणी चालू आहे. दोरी टाकून झाली, पंचांनी खुंट्याही ठोकल्या. दिवाळीनंतर धुरा घालणार आहेत. तुम्ही त्या भानगडीत पडू नका बरं."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बापाच्या वाट्याला वाकडा तुकडा आलाय, तो आता पोरीला पुढं करून माझ्याकडून पुरावा काढतोय. उद्या पंचांसमोर "सरांनी सांगितलं" म्हणून माझं नाव येणार. मी तिला व्हरांड्यात गाठलं आणि सरळच विचारलं, "वडलांनी पाठवलं ना तुला?"

तिनं मान खाली घातली. "नाई सर. वाकडा तुकडा काकाले गेला. सिधा आमाले आला."

ती महिनाभर एकच गोष्ट शोधत होती: एखादं तरी वाकडं शेत, ज्याचं दोरीनं बरोबर येतं. ते सापडलं असतं तर काकाचंही तसंच असेल असं म्हणून तिला गप्प बसता आलं असतं. माझ्या तोंडून नुसतं "असेल एखादं" निघालं असतं तरी तिचं काम झालं असतं.

"घरी बोललीस?"

"अजून नाई."

मी तिला सांग म्हणालो नाही आणि नको सांगू असंही म्हणालो नाही. मास्तरांनी वावराच्या भानगडीत पडू नये हे मराठीच्या सरांचं म्हणणं मला पटत होतं आणि पटतंय याचा रागही येत होता.

दिवाळीच्या सुट्टीआधी शेवटच्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. उंच, सडसडीत माणूस. पायात चिखल वाळलेला. म्हणजे ती घरी बोलली होती. मी खुर्ची पुढं केली, ते बसले नाहीत.

"सर, माह्या भावानं तुमाले चहा पाजला काय?"

"मी तुमच्या भावाला ओळखतही नाही."

"मंग माही पोरगी माह्याच घरात कायले आग लावून राह्यली? पंचाइनं मोजलं, दोघं भाऊ हो म्हनलो. आता हे म्हन्ते काकाचं वावर कमी भरते. हे तिले कोनं शिकवलं?"

माझ्यावरचा त्यांचा संशय माझ्या त्यांच्यावरच्या संशयाइतकाच पक्का होता, त्यामुळे मला तो मोडता येईना. मी फळ्यावर आकृती काढली, लंब टाकला, उंची दाखवली. ते शांतपणे बघत राहिले. मग म्हणाले, "फळ्यावर सगळंच खरं दिसते, सर."

ती दारात उभी होती. काही न बोलता ती शाळेच्या मागं गेली, खिचडीच्या चुलीसाठी तुराट्या, तुरीच्या वाळक्या काड्या, रचून ठेवलेल्या असतात तिथं. चार तुराट्या घेऊन आली. जोडीजोडीनं सारख्या मोडल्या आणि चारी कोपऱ्यांवर सुतळीनं बांधल्या. व्हरांड्याच्या फरशीवर तो चौकोन ठेवला.

"बाबा, हे आपलं वावर. चारी बाजू मोजा."

"मोजल्या समज."

तिनं एक कोपरा हलकेच ढकलला. चौकोन कलंडला. "हे काकाचं. बाजू त्याच हायेत ना? दोरीनं दोघाइचं सारखंच येते." मग तिनं तो आणखी ढकलला, आणखी, वरची तुराटी खालच्या तुराटीला जाऊन टेकेपर्यंत. "आताबी बाजू त्याच हायेत. दोरीनं आताबी तितकंच येते. सांगा बाबा, आता ह्याच्यात वांग्याची किती झाडं लागतीन?"

हे मी शिकवलं नव्हतं. चौकटीच्या कागदावर शंभर शेतं मोजूनही "दरवेळी" सिद्ध होत नाही हे तिला बोचत होतं, एवढं मला माहीत होतं. पण एखादी गोष्ट टोकापर्यंत ढकलून बघावी, हे तिचं तिनं काढलं होतं. मी खूश झालो होतो आणि ती वेळ खूश होण्याची नव्हती.

वडील उकिडवे बसले. त्यांनी तुराट्यांचा चौकोन हातात घेतला, उभा केला, पाडला, पुन्हा उभा केला.

"म्हंजे दोरी खोटी?"

"दोरी खोटी नाई, बाबा. बाजू बरोबर मोजते. कोना मोजत नाई."

मग माझ्याकडं बघून म्हणाले, "खरं बोलून राह्यली हे?"

"खरं बोलतेय."

"तुमचं काय जाते नुसतं 'हो' म्हनाले," ते म्हणाले आणि उठून चालू लागले. चौकोन त्यांच्या हातातच होता. पायरीवर आपटून मोडतील असं मला वाटलं, पण ते तसेच फाटकाबाहेर गेले.

सुट्टीभर मला ते वाक्य टोचत राहिलं. माझं खरंच काय जात होतं? शाळा उघडली तेव्हा पहिल्या तासाला मी तिला शोधत होतो. येणार नाही, शाळा बंद केली असेल, असली शंका घेऊनच वर्गात शिरलो. ती जागेवर होती. तास संपल्यावर टेबलाशी आली.

"धुरा सरकवला, सर."

"कुणी? पंचांनी?"

"बाबानंच. सब्बल घेऊन गेलते. खुंट्या उपडल्या, आमच्या वावरात आत घेऊन दुसऱ्या ठोकल्या."

माझा विश्वास बसेना. मी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं. मी "शाब्बास" म्हणायला तोंड उघडलं.

"बाबा माह्यासंगं बोलत नाई, सर. काल काकूनं वांगे पाठवले. बाबानं भाजी खाल्ली, भाकर अजून मांगून घेतली. पण पानी पाह्यजे असलं तं आईले मांगते. मी समोर तांब्या घेऊन उभी असली तरी."

बाहेर पोरं खिचडीच्या रांगेत ओरडत होती. तिनं टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"सर, अजून एकदा मोजलं असतं तरी तेच आलं असतं ना?"

"हो," मी म्हणालो. "तेच आलं असतं."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली आणि रडायला लागली.