बापूसाहेबांच्या बाटल्या आणि माझा आवाज

वकिलांच्या खोलीत दोन गोष्टी आपोआप साचतात, धूळ आणि किस्से. धूळ निदान आठवड्यातून एकदा झाडली जाते. किस्से मात्र वाढतच जातात, आणि सांगणारा वकील असला तर विचारूच नका! परवा नातू म्हणाला, "आजोबा, तुमच्या वेळी टेन्शन नव्हतं ना?" आणि मला आमच्या तालुक्याच्या कोर्टातलं ते कपाट आठवलं.

कपाट बाररूममधलं. खालच्या दोन फळ्यांवर कायद्याची पुस्तकं, वरच्या दोन फळ्यांवर बापूसाहेबांच्या बाटल्या. ब्राह्मी, शंखपुष्पी, जटामांसी, काय नव्हतं! बापूसाहेब आमच्यातले सगळ्यात जुने वकील. टेन्शनला आम्ही तेव्हा 'घोर' म्हणायचो. कोणाला घोर लागला की बापूसाहेबांचा हात पुस्तकं ओलांडून सरळ वर जायचा.

त्यांचा पहिल्या नंबरचा पेशंट मी! सनद घेऊन वर्ष झालं होतं, पण कोर्टात उभा राहिलो की माझा आवाजच जायचा. दुसरबीडहून वडिलांचं पत्र आलं होतं, "दिवाळीपर्यंत एक तरी केस स्वतः चालव. नाही जमलं तर घरी ये, वावर वाट पाहत आहे."

बापूसाहेबांना दया आली. त्यांनी आपल्याकडची एक केस मला दिली. डोणगावची गोदाबाई, विधवा माळीण. घरच्या सामाईक विहिरीवर दर मंगळवारी तिच्या मोटेची पाळी असे. भासऱ्याने, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाने, ती बंद केली होती. पाणी गेलं की तिची वांग्याची वाडी गेली, आणि पोटही गेलं. तपासणी दसऱ्यानंतर होती. तोवर माझा आवाज परत आणायचा, हे बापूसाहेबांनी मनावर घेतलं.

* * *

"काऊन बे, आवाज घरी ठिवून येतो का?" असं म्हणून त्यांनी पहिल्या दिवशी माझ्या टाळूवर वाटीभर ब्राह्मीचं तेल ओतलं. उरलेलं स्वतःच्या डोक्यावर थापलं आणि वर पगडी चढवली.

भादव्याचं ऊन तुम्हाला माहीत आहेच. अकरा वाजता बापूसाहेब एक जुनं खरेदीखत दाखवायला मुन्सफसाहेबांपुढे वाकले आणि पगडीतून धार लागली. थेट दस्तऐवजावर!

आमचा वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, त्यामुळे मुन्सफ जबलपूरकडचे. त्यांनी कागद दोन बोटांनी उचलला.

"बापूसाहब, इसे पढूँ या तलूँ?"

* * *

कोर्टाचा चपराशी गणपत महातापट. पुकारा करायचा तर नुसत्या आवाजाने पक्षकारांना घाम फोडायचा. त्याचं आणि बायकोचं रोज वाजायचं, म्हणून बापूसाहेबांनी त्याला जटामांसीचा काढा सुरू केला. काढा लागू पडला, एवढं मात्र खरं.

आठव्या दिवशी गणपत दारात उभा राहून, पाळण्यातल्या लेकराला बोलवावं तसा पुकारा करू लागला. पक्षकार समोरच्या कडुनिंबाखाली बसलेले, कोणालाच ऐकू गेलं नाही. गैरहजेरीत दोन केसेस निकाली निघाल्या! मुन्सफसाहेब लालबुंद झाले.

"गनपत, चिल्लाते क्यों नहीं?"

गणपत हात जोडून म्हणाला, "काय करू साहेब, वरडाले मनच होऊन नाही राह्यलं!"

दोन्ही केसेस पुन्हा बोर्डावर आणायला आम्हाला चार दिवस अर्ज खरडावे लागले. गणपतची बायको मात्र बापूसाहेबांना दही आणून द्यायची.

* * *

बाररूमच्या मागे बापूसाहेबांनी गवती चहाचा वाफा लावला होता. खास माझ्यासाठी, सकाळ-संध्याकाळ. तिथेच एक बैल बांधलेला असे. दोन भावांच्या वाटणीत हा बैल कोणाचा, असा वाद होता, आणि निकाल लागेपर्यंत तो कोर्टाच्या ताब्यात. एक नंबरचा मारका! कोर्टाच्या ताब्यातला माल सांभाळणारा नाझरसुद्धा त्याला लांबून पेंढी फेकायचा.

एके दिवशी बैलाने दावं तोडलं आणि अख्खा वाफा फस्त केला. त्यानंतर नुसती गरीब गाय! वकिलांच्या अंगाला अंग घासू लागला. गवती चहाचा गुण की नुसती आरामाची सवय, देव जाणे. मला चाळीस कप पिऊन जे साधलं नव्हतं, ते त्याला एका जेवणात साधलं.

निकाल थोरल्या भावाच्या बाजूने लागला. तो बैल न्यायला आला, भोवती दोन चकरा मारल्या आणि तडक मुन्सफांपुढे उभा राहिला.

"हा माहा बैल नाही, साहेब! माहा असता तं आतालोक त्यानं दोन वकील पाडले असते!"

* * *

आणि मग उजाडला गोदाबाईच्या केसचा दिवस. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. बापूसाहेबांनी कपाटातून अक्कलकाढ्याची मुळी काढली.

"हरभऱ्याएवढा तुकडा दाढेखाली धर. जीभ कशी मोकळी होते पाय!"

मी घोरापायी अख्खी मुळी चावून खाल्ली.

पिंजऱ्यात गोदाबाईचा भासरा. त्याने शपथेवर सांगितलं, "या बाईची त्या हिरीवर पाळी कधीच नव्हती." आता उलटतपासणी माझी. मी उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि लक्षात आलं की तोंडात जीभच नाही! सगळं बधिर. हनुवटीवरून लाळ गळू लागली.

"वकीलसाहब, सवाल पूछिए."

"ब्ब..." एवढंच निघालं. बापूसाहेब कपाळाला हात लावून बसले. मला दुसरबीडचं वावर दिसू लागलं. त्याहून वाईट म्हणजे मागे बसलेल्या गोदाबाईकडे बघायची माझी हिंमत होईना. लाजेने मेलो होतो मी.

तेवढ्यात मागून आवाज आला. गोदाबाई उठली होती. भासऱ्यासमोर बाईने बोलायची रीत नव्हती, आणि ती वीस वर्षांत बोललेलीही नव्हती. पदर नाकापर्यंत ओढून, भिंतीकडे तोंड करून तिने विचारलं,

"शकूच्या लग्नात पंगतीले वांगे कोनाच्या वाडीतले होते?"

मुन्सफांनी हाताने सगळ्यांना गप्प केलं. भासऱ्याची छाती फुगली. त्याच्या लेकीच्या लग्नाची, पाच गावांत गाजलेली पंगत ती!

"तुह्याच वाडीतले. तसे वांगे हाये काय कोठी?"

"लगन तं वैशाखातलं. मंग पानी कोठचं होतं?"

"कोठचं म्हंजे? आपल्या हिरीचं! मंगळवारी तुहीच पाळी राह्यते ना!"

बोलून गेला आणि मग त्याने तोंडावर हात ठेवला. मुन्सफसाहेब खाली मान घालून लिहीत होते. संध्याकाळपर्यंत निकाल झाला, गोदाबाईची पाळी कायम!

बाहेर आलो तेव्हा माझी जीभ जरा जरा हलू लागली होती. मी माफी मागायला गोदाबाईपुढे गेलो. तिने माझे दोन्ही हात धरले. डोळे भरून आले होते तिचे.

"वकीलसाहेब," ती म्हणाली, "आजलोक मले कोनी बोलूच देल्लं नव्हतं. तुमी देल्लं!"