आमच्या छताला लागलेले हात

भिंती छताच्या उंचीला आल्या, तरी या घरात आपण कधी राहायला जाऊ असं मला खरं वाटत नव्हतं. नेरडीगोंड्याजवळ हायवेला लागून आमचं कापसाचं शेत आहे. त्याच्या कोपऱ्यावर घर काढलं, पाया भरला आणि मिस्त्री हैदराबादच्या कामावर निघून गेला. दुसरा शोधत मी बोथपर्यंत हिंडलो, पण कुणी मोकळा नव्हता. एका संध्याकाळी माझी बायको सुमन भाकरी थापता थापता म्हणाली, "भिंती मी बांधीन. तुमी माल कालवून द्या."

लग्नाआधी ती आईबरोबर आदिलाबादला बांधकामावर विटा वाहायची. वाहता वाहता मिस्त्र्यांचं काम बघायची, एवढीच तिची शिकवणी. काम सुरू करण्याआधी तिने मला बासरला सरस्वतीच्या देवळात नेलं. तिथे लोक लेकरांना पहिलं अक्षर गिरवायला घेऊन येतात, सरस्वतीपुढे पाट्या ठेवतात. सुमनने पिशवीतून गवंडीकामाची नवी थापी काढली आणि त्या पाट्यांच्या शेजारी ठेवली. मला संकोच वाटला. पुजाऱ्यांनी विचारलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "हे बी शिकणंच हाय." त्यांनी हसून थापीला कुंकू लावलं.

त्यानंतर मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. पहिले थर वाकडे गेले, ते तिनेच पाडले. मी म्हणायचो, चालतंय. ती ओळंबा सोडायची, एक डोळा मिटून बघायची आणि वीट पुन्हा काढायची. बोटांच्या पेरांना सिमेंटने चिरा पडल्या, ती तेल लावून सकाळी परत दोरी ताणायची. गावातली माणसं आधी गंमत बघायला येत, मग तिला काहीबाही विचारायला येऊ लागली. माझ्या मनात मात्र भीती होती. भिंत चुकली तर पाडता येते, स्लॅबचं तसं नाही. एकदा ओतायला लागलं की थांबता येत नाही. अर्ध्यावर थांबलं तर सांधा राहतो आणि छत जन्मभर गळतं.

स्लॅबच्या दिवशी सकाळीच मिक्सर आला आणि त्याच वेळी गावात एक म्हातारबाबा वारल्याची खबर आली. कामाला येणारे सगळे त्यांच्याच भावकीतले. त्यांना कामाला या म्हणणं शोभलं नसतं. मिक्सरवाला हिंदीत म्हणाला, आज नाही तर मशीन पुढच्या गावाला जाणार, परत कधी येईल सांगता येत नाही. आभाळही भरत होतं. मी ओट्यावर बसून राहिलो. सुमनने देवीचं नाव घेऊन मिक्सरमध्ये पहिलं घमेलं टाकलं. मी म्हणालो, "माणसं नाहीत, तू काऊन सुरू करून राह्यली?" ती म्हणाली, "आपल्या हातात जेवढं हाय तेवढं आपण करू. पुढचं तिच्यावर."

थोड्या वेळाने हायवेच्या कडेला माणसांनी भरलेली एक गाडी वाफा सोडत थांबली. निर्मलचा घाट चढून आल्यावर गाड्या तापतात, त्यात नवल काही नाही. ड्रायव्हर पाणी मागायला आला. त्याच्या मागून माणसं उतरली, बायकाच जास्त, कपाळभर कुंकू. बासरचं दर्शन करून आदिलाबादला परत चालली होती. त्यांतल्या एका वयस्क बाईने आम्हा दोघांकडे आणि शिडीकडे पाहून तेलुगूत विचारलं, तुमचं कुणी नाही का? मी मोडक्यातोडक्या तेलुगूत गावातलं मरण सांगितलं. तिने पदर कमरेला खोचला, मागे वळून बाकीच्यांना हाक मारली, आणि बघता बघता मिक्सरपासून शिडीपर्यंत रांग लागली.

घमेली हातोहात वर जाऊ लागली. वर सुमन माल पसरवत होती, मी तो सळईने ठोकून बसवत होतो. खाली कुणीतरी देवीचं भजन धरलं. गाडी केव्हाच थंड झाली होती, तरी कुणी जायचं नाव काढलं नाही. दुपार कलली तेव्हा शेवटचा कोपरा भरला. आम्ही घाईघाईने पिठलं-भाकरी केली. त्यांनी ती झाडाखाली बसून खाल्ली, प्रसादाचा लाडू आमच्या हातावर ठेवला आणि गेली. ढग आले तसे पुढे सरकले.

पुढे स्लॅब पक्का झाल्यावर छताला टेकू दिलेल्या लाकडी बल्ल्या काढायचा दिवस आला. मी सुमनला बाहेर थांबायला सांगितलं. ती खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"बाहेर हो, काही सांगता येत नाही."

"इतक्या लोकायनं तिचं नाव घेऊन घमेलं उचललं. मी इथंच हाय. काढा तुमी."

एकेक बल्ली निघत गेली. शेवटची दाराजवळ होती, तिच्यावर मी बाहेरून घण मारला. बल्ली खाली पडली, धूळ उडाली आणि छत जागच्या जागी राहिलं. मी घण टाकून आत गेलो, तिच्या शेजारी उभा राहिलो आणि वर पाहिलं. देवावर भार टाकायचा म्हणजे हात आवरून बसायचं, असं मी समजत होतो. सुमनने तसं कधीच केलं नाही. ओळंबा स्वतः लावला आणि मग निर्धास्त झाली.

आता त्या घरात आम्ही राहतो. दिवेलागणीला सुमन सरस्वतीचं नाव घेते. मला त्या वयस्क बाईचं नाव घ्यावंसं वाटतं, पण ते विचारायचं राहूनच गेलं. म्हणून मी छताकडे बघून नुसते हात जोडतो.