कांदच्या अलीकडे बारा किलोमीटर

त्या दिवशी एकादशी होती. सकाळी नऊला फोन वाजला, त्यावर इनासचे नाव दिसले, आणि पलीकडून शब्द येण्याआधीच मी सवयीने म्हणालो, "घेतले हो इनास, घेतले पाणी." मग त्यांच्या मुलीचा, रिटाचा, आवाज आला. "सर... मी रिटा. पप्पा गेले. पहाटे." माझ्यासमोर पाण्याने भरलेला तांब्या होता, त्यावर पेला उपडा घातलेला होता, आणि उजाडल्यापासून मी त्याला हातही लावला नव्हता. इनासना उद्देशून मी उच्चारलेले अखेरचे वाक्य असत्य होते. ते ऐकायला ते नव्हते, एवढेच.

गेली सात वर्षे दर एकादशीला बरोबर नऊच्या ठोक्याला हा फोन येत असे. समुद्रकाठच्या तारोडी गावातल्या एका ख्रिस्ती गृहस्थाने शांती नगरातल्या एका ब्राह्मणाला एकादशीची आठवण करून द्यावी, याचे आमच्या सूनबाईंना मोठे हसू येई. इनास विचारत ते मात्र एवढेच : "सर, पानी पिलंत?" आणि मी "घेतले" असे म्हणत असे. पुष्कळदा ते खरे नसे. या प्रश्नाचे कारण सांगायचे तर फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या काठापर्यंत जावे लागेल, आणि तेथे काय घडले ते मी आजवर नीट कोणालाच सांगितलेले नाही.

इनासची ओळख झाली ती सायकलमुळे. मी भाईंदरच्या एका शाळेत संस्कृत शिकवीत असे आणि सायकलने जात-येत असे; त्यांचे दुरुस्तीचे दुकान वाटेवर होते. घराणे मच्छीमारांचे, थोडी भाजीची शेती. पण तरुणपणी ते जहाजावर खलाशी होते. पुढे रिटा माझ्या वर्गात आली तेव्हा ते दुकानातून हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "सर, पोरीला तुमची देवाची भाषा येऊ द्या. आमचा देव बी ऐकंल." त्या दिवसापासून जडलेला स्नेह पस्तीस वर्षे टिकला. माझ्या निवृत्तीनंतर दर रविवारी मी सायकलने तारोडीला जाई, चर्चमधली त्यांची प्रार्थना, मिस्सा, आटोपलेली असे, आणि मग आम्ही दोघे सायकलींवरून किनाऱ्याने हळूहळू फिरत असू. वाळत घातलेल्या मासळीपाशी मी श्वास रोखून पायडल मारी आणि ते मागून ओरडत, "सर, प्राणायाम चालू झाला काय?"

दुकानात यंत्राच्या तेलाने डागाळलेले एक चित्रपत्र खिळ्याला टांगलेले होते. पांढऱ्या दगडांची घरे, उंच चर्च, आणि त्यांच्या पायथ्याशी एकमेकींत मिसळणाऱ्या दोन नद्या. त्यांच्या जहाजावर एक वृद्ध फ्रेंच आचारी होता, तो या गावचा. "आमच्याकडं दोन नद्या भेटतात, बघायला ये," असे सांगून त्याने ते चित्र इनासना दिले होते आणि थोडी फ्रेंचही शिकवली होती. जहाज नदीमुखाजवळच्या बंदरात दुरुस्तीसाठी थांबे तेव्हा इनास कोणाची तरी सायकल घेऊन काठाने दिवसभर वर जात आणि सायंकाळच्या हजेरीला परत येत. ते गाव एका दिवसाच्या टप्प्यात कधी आले नाही. चित्रपत्रावर छापलेले गावाचे नाव मी पहिल्यांदा वाचले ते आमच्या रीतीने, एकही अक्षर न सोडता : "कान्देस". इनास हसले. "कांद, सर. मागची अक्षरं लिवायची, बोलायची न्हाय." मी त्यांना सांगितले की आमच्या व्याकरणातही लोप आहे, लोप म्हणजे नाश नव्हे, केवळ न दिसणे, आणि लोप पावलेला प्रत्ययही शब्दावर आपले कार्य करून जातो. शिकवण्याच्या भरात मी हे बोललो. त्यांनी ते मन लावून ऐकले आणि म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. तुम्ही कांदा खात न्हाय. कांदला याल काय?"

आम्ही गेलो तेव्हा दोघेही सत्तरीच्या उंबरठ्यावर होतो. जून महिना होता. नदीमुखाकडून वर, काठाकाठाने, सहा दिवसांत कांद. रोज तीस-चाळीस किलोमीटर, घाई कसलीच नाही. सायकली तेथेच भाड्याने घेतल्या. माझ्या पिशवीत पोहे, मेतकूट, पंचपात्री आणि मुंबईत छापलेले पंचांग. त्यांच्या पिशवीत पाना, पंक्चरचे सामान आणि जपमाळ. नदी रुंद, उथळ, मधे वाळूची बेटे. सपाट तळाच्या होड्या दिसल्या की इनास सायकल टाकून त्यांच्याभोवती फिरत, लाकडावर टिचकी मारून पाहत आणि नापसंतीने मान हलवीत : "ही आमच्या समुद्रात अर्धा तास टिकायची न्हाय." द्राक्षांचे वेल उतारावर रांगेने लावलेले, फळे अजून मिऱ्याएवढी हिरवी, आणि प्रत्येक रांगेच्या टोकाशी गुलाबाचे एक झाड. रोग येतो तो आधी गुलाबाला दिसतो, मग मळेकरी सावध होतो, असे एका मळ्याच्या मालकिणीने इनासना सांगितले आणि त्यांनी मला मराठीत सांगितले. त्या बाईंनी त्यांच्यापुढे मद्याचा पेला ठेवला आणि माझ्यापुढे द्राक्षांचा बाटलीबंद, न आंबवलेला रस. "काय सांगितलेत त्यांना?" मी विचारले. "सांगितलं, हे आमचे पाद्री हायत," इनास म्हणाले, आणि मी रागावण्याआधीच त्यांनी पेला उचलला.

पहाटे मी नदीवर स्नान करीत असे. आपण काही धर्मकृत्य करतो तेव्हा संकल्पात स्थळ आणि काळ यांचा उच्चार करावा लागतो : कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर, कोणत्या मासात, कोणत्या तिथीला. मी इनासना विचारले, या लोकांत ही नदी पुरुष की स्त्री? "बाई हाय," ते म्हणाले. मग मी तिचे नाव आकारान्त स्त्रीलिंगी मानून चालवले आणि मोठ्या समाधानाने म्हणालो, "ल्वारायाः दक्षिणे तीरे." पाण्याबाहेर टॉवेल धरून उभे असलेले इनास म्हणाले, "आता ती बी तुमच्या घरातली झाली." मधे आलेल्या रविवारी त्यांच्या मिस्सेला मी शेवटच्या बाकावर बसलो आणि मनात गायत्री म्हटली. त्या सहा दिवसांइतके निर्मळ दिवस माझ्या वाट्याला फार आले नाहीत... खरे म्हणजे पाचच.

सहाव्या दिवशी माझ्या पंचांगाप्रमाणे ज्येष्ठातली निर्जला एकादशी होती. वर्षातून एकदा येणारी, पाण्याचा थेंबही न घेण्याची. तरुणपणापासून मी ती कधी चुकवली नव्हती. त्या दिवशी तेथे असे ऊन पडले की डांबर मऊ झाले होते, आणि शेवटचा टप्पा सर्वांत लांब होता. सकाळी निघताना इनासनी पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली. मी मान हलवली. ते विचारात पडले आणि म्हणाले, "सर, आमच्या बंदराला भरतीचं पानी एका टायमाला चढतं, वसईला जरा मागनं. दर बंदराचा टाइम वेगळा. मग तुमची एकादशी काय सगळीकडं एकाच टायमाला चढते?" प्रश्न साधा होता, आणि तिथी पाहूनच होड्या काढणाऱ्या घरातला माणूस तो विचारीत होता. मी म्हणालो, "इनास, शास्त्र मला शिकवू नका." पस्तीस वर्षांत मी त्यांच्याशी इतक्या कठोरपणे बोललो तो हा एकच प्रसंग. त्यांनी बाटली पिशवीत ठेवली आणि दिवसभर माझ्यादेखत स्वतःही पाणी घेतले नाही.

चार वाजण्याच्या सुमारास एका मळ्याच्या बांधाशी मी सायकलवरून कोसळलो. शुद्धीवर आलो तेव्हा गुलाबाच्या झाडाखाली होतो, डोके इनासच्या मांडीवर, त्यांच्या टोपीतून पाणी माझ्या कपाळावर गळत होते आणि ते म्हणत होते, "सर, तोंड उघडा... देव माझ्यावर रागवू दे, तुम्ही तोंड उघडा." मी उघडले नाही. मळ्यातल्या माणसांनी गाडीतून जवळच्या शहरात नेले. जे पाणी मी ओठांना लावू दिले नाही ते डॉक्टरांनी शिरेतून दिले. पुढचे दोन दिवस हालचाल करायची नव्हती, आणि तिसऱ्या दिवशी परतीचे विमान होते. कांद तेथून बारा किलोमीटर होते. शांती नगराहून मी रविवारी तारोडीला जात असे, जवळजवळ तेवढेच. मी म्हणालो, "इनास, तुम्ही जाऊन या. सकाळी निघालात तर जेवायला परत याल." ते खुर्ची खिडकीपाशी ओढून बसले. सूर्य रात्री दहापर्यंत मावळत नव्हता, आणि खिडकीतून तीच नदी दिसत होती. "एकट्यानं बघायचं असतं तर चाळीस वर्षांमागं पळून गेलो असतो," ते म्हणाले. "कांद काय चालत न्हाय कुठं. फुडच्या साली."

ते पुढचे साल आले नाही. परत आल्यावर त्यांनी गावभर सांगितले की आपलाच गुडघा धरला, म्हणून बारा किलोमीटर राहिले. मी ते ऐकत राहिलो आणि गप्प राहिलो. काही महिन्यांनी कॅनडाला स्थायिक झालेला माझा भाचा घरी आला आणि तेथे एकादशी कधी धरावी, असे त्याने विचारले. मी सहज सांगून गेलो, "तिथी तेथल्या सूर्योदयाची धरायची, इथल्या नव्हे." इनास तेव्हा समोरच बसून चहा पीत होते. बोलून झाल्यावर माझे मलाच ते ऐकू आले. ते गेल्यावर मी जुने पंचांग काढले. त्या दिवशी एकादशी आपल्याकडच्या सकाळी आठला संपत होती. ल्वारच्या काठी तेव्हा साडेचार वाजले होते, सूर्य उगवायचाच होता. म्हणजे तेथली एकादशी आदल्या दिवशीच होऊन गेली होती, आणि मी तहानलेला कोसळलो तो दिवस द्वादशीचा, उपवास सोडण्याचा. संकल्पात मी नदी बदलली, तीर बदलला. तिथी मात्र मुंबईची राहू दिली. जन्मभर जे इतरांना शिकवले ते मी एका सकाळी, अभिमानापोटी, विसरलो, आणि त्याची किंमत माझ्या मित्राच्या आयुष्यभराच्या इच्छेने दिली. हे मी त्यांना सांगितले नाही. सात वर्षे, दर पंधरवड्याला, त्यांचा फोन येत राहिला.

शेवटची भेट त्यांच्या घरी झाली. मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि डॉक्टरांनी दिवसभराचे पाणी मोजून दिले होते. उशाशी लहान पेला, त्यात तळाशी बोटभर पाणी. मला पाहून ते हसले. "या सर. आता माझी एकादशी चाललीय, आनि सोडायला कोन द्वादशी सांगत न्हाय." मी त्यांचा हात हाती घेतला. ठरवूनच गेलो होतो. म्हणालो, "इनास, त्या दिवशी, त्या मळ्यात, ती एकादशी..." त्यांनी हात किंचित दाबला. "सर, पानी सगळीकडं एका टायमाला चढत न्हाय. सोडा आता." आणि मग डोळे मिटून, "गुलाब आठवतो काय तुम्हाला? रांगेच्या टोकाचा?" मी हो म्हणालो. त्यांना ठाऊक होते... भाचा आला होता त्या दिवसापासूनच ठाऊक असावे. मी निघताना त्यांनी पेला माझ्याकडे सरकवला, एवढेच म्हणाले, "तुम्ही घ्या." त्यांच्या मोजलेल्या पाण्यातला घोट मी कसा घ्यावा? मी घेतला नाही. आता वाटते, घ्यायला हवा होता.

ते गेल्यानंतरच्या महिन्याच्या मिस्सेला मी तारोडीला गेलो. नंतर अंगणात मंडळी बसली होती. त्यांचे एक वृद्ध शेजारी हळहळले, "गुडघा धरला नसता तर इनास त्या गावाला पोचला असता." मी उभा राहिलो. "गुडघा त्यांचा धरला नव्हता," मी म्हणालो. "मी पडलो. चुकीच्या दिवशी उपवास केला, त्यांनी सांगितले तरी ऐकले नाही, आणि पडलो. ते माझ्यासाठी थांबले." मग ते शेजारी म्हणाले, "बसा सर, बसा. उनाचं उभे ऱ्हाऊ नका." रिटाने पाण्याचा पेला आणून हातात दिला आणि हळूच म्हणाली, "सर, गुडघ्याचं आम्हाला कधीच खरं वाटलं नव्हतं. दुखणं येईपर्यंत ते जिना धावत चढायचे." जाताना तिने तेलाचे डाग पडलेले ते चित्रपत्र मला दिले.

परवा पुन्हा एकादशी झाली. तिथी मी इथल्या सूर्योदयाने ताडून पाहिली. पूजा आटोपून फोनजवळ बसलो. चित्रपत्र भिंतीला टेकवून ठेवले आहे, त्यात दोन नद्या भेटत आहेत. नऊ वाजले. फोन वाजला नाही. मी तांब्यावरचा पेला सरळ केला, काठोकाठ भरला आणि एक थेंबही न ठेवता पाणी प्यालो. मग म्हणालो, "घेतले, इनास."