चाकांवरचं बिऱ्हाड

आमच्या नौपाड्याच्या सोसायटीत हल्ली मला "कशी आहेस?" असं कुणी विचारत नाही. "या वेळी काय झालं?" असंच विचारतात. मोटरहोम घेतल्यापासून फिरणं कमी आणि किस्सेच जास्त जमलेत. एक सांगून संपत नाही, तोवर नवरा पुढच्याची तयारी करून ठेवतो!

नवरा म्हणजे हेमंत. नोकरीतून लवकर सुटला आणि घरात येरझाऱ्या घालायला लागला. शेवटी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आंबिवलीच्या गॅरेजमध्ये तिच्यात ओटा, बेड, टॉयलेट असं सगळं बसवून आणलं. निमित्त माझ्या सासूबाईंचं. वाटणीत कोकणातलं घर धाकट्या काकांकडे गेलं, तेव्हापासून आई गावाला गेल्याच नव्हत्या. "माझ्याच घरात मी पाहुणी म्हणून राहणार नाही," एवढंच म्हणायच्या. जीव मात्र तिथेच अडकलेला.

"मग घर घेऊनच जाऊ!" हेमंत म्हणाला. पण आधी जवळपास फिरून सराव करायचा ठरला.

*

पहिली ट्रिप नाशिकची. हेमंतने सोसायटीच्या कमानीची उंची मोजली, गाडीची मोजली आणि "आरामात जाते" म्हणाला. त्यानंतर टपावर पाण्याची टाकी बसली. ती कुणी मोजली नाही!

निघालो ते कमानीखालीच अडकलो. मागे स्कूलबस, दूधवाला, सगळे हॉर्न मारतायत. हेमंत घामाघूम. आत बेडवर आडव्या झालेल्या आईंनी पडदा सारला आणि विचारलं, "आलं का रे नाशिक?"

*

कसारा घाटात कळलं की कपाटांना कड्या लावायच्या राहिल्यात. पहिल्याच वळणावर मिसळणाचा डबा खाली आला, आणि पंखा चालू होता. टोलनाक्यावर पोहोचेपर्यंत मी, हेमंत, आई आणि आमची लेक सई, सगळे हळदीने पिवळेधमक.

टोलवरच्या माणसाने आत डोकावून विचारलं, "लग्नाचं वऱ्हाड काय? नवरा कुठाय?"

मी हेमंतकडे बोट दाखवलं. "हा काय! हवाय का कुणाला?"

*

टॉयलेट हा गाडीतला सगळ्यात झकपक भाग. हेमंत ते येणाऱ्या-जाणाऱ्याला उघडून दाखवायचा. तरी प्रवासात आम्ही पेट्रोल पंपच शोधत फिरायचो, कारण आई कुणाला त्यात जाऊच द्यायच्या नाहीत.

सई एकदा वैतागली. "आजी, यार, आपल्याकडे स्वतःचं आहे ना! आणि किती क्लीन आहे!"

"म्हणूनच!" आई म्हणाल्या. "एवढं स्वच्छ आहे, घाण कशाला करायचं?"

*

घर म्हटल्यावर चपला दाराबाहेर काढायच्या, हाही आईंचाच नियम. रस्त्यात चहाला थांबलो. चहा झाला, पायरीपाशी ओळीने चपला काढल्या, आत चढलो, दार लावलं आणि निघालो. चपला टपरीवर!

ध्यानात आलं थेट त्र्यंबकला उतरताना. आम्हाला तसं बघून एका आजोबांनी हात जोडले. "अनवाणी? कुठून आलात?"

"ठाण्याहून," आई गंभीरपणे म्हणाल्या. हेमंत काहीतरी सांगायला गेला, तर त्यांनी डोळे वटारले. "खोटं काय बोलले मी?"

*

आणि मग एकदाचं कोकण. देवळासमोरच्या मोकळ्या जागेत गाडी लावली. समोरच काकांचं घर.

आईंनी सकाळीच ठेवणीतलं पातळ नेसलं. पायरीखाली रांगोळी काढली, पण गाडी सोडून कुठे गेल्या नाहीत. पडदा सारून घराकडे बघायच्या, परत लावून घ्यायच्या. ओटा पुसून झाला, परत पुसला. "कुणी येईल का गं?" मला हळूच म्हणाल्या. हेमंतला तर बसवतच नव्हतं, तो उगाच टायर तपासत गाडीभोवती फिरत होता.

दुपारी काकू आल्या. एकट्याच.

"या, बसा," आई घरधनिणीच्या थाटात म्हणाल्या. चहा टाकला, हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. काकूंनी ओट्यावरून हात फिरवला, बेड दाबून बघितला, खिडकीची काच सरकवली. आता "वहिनी, घरी चला" म्हणणार, म्हणून आम्ही वाट बघत बसलेलो.

चहा संपला. काकूंनी कप खाली ठेवला, एकदा समोरच्या घराकडे बघितलं आणि पदर खोचला.

"वहिनी, हे झोपलेत तोवर दार लावून घ्या. लग्न होऊन आले ती त्या घरातच आहे मी. लांब कुठेतरी न्या मला."

आईंनी उठून दार लावलं. मग सरकून त्यांना खिडकीची जागा दिली.

"हेमंत, काढ रे गाडी!"