पाच मापं कॉस्टिक

बेताबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बाटली उचलायची तर बेताने. नळ सोडायचा तर बेताने. साहेब दार लोटून आत आले तरी बेताने. बावीस वर्षं हा एकच शब्द ऐकून लोकांनी तो बाईंनाच चिकटवून टाकला. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही, पण कबूल करतील तर त्या बाई कसल्या!

काम औषधाच्या कारखान्यात, तळमजल्यावरच्या थंडगार खोलीत. शेजारच्या टाकीतून पाइपाने गढूळ रस यायचा. त्यात नको त्या शंभर गोष्टी, आणि त्यांतच हवी ती अँटिबॉडी, जिचं पुढे इंजेक्शन व्हायचं. ती वेगळी काढायची काचेच्या उभ्या नळीत, म्हणजे कॉलममध्ये. नळीत डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक मणी आणि मण्यांवर लिगंड नावाचं प्रथिन चिकटवलेलं. रस वरून सोडला की लिगंड तेवढी अँटिबॉडी धरून ठेवतो, बाकीचा पसारा खाली वाहून जातो. मग थोडं आम्ल सोडलं की धरलेली अँटिबॉडी सुटून येते. शेवटी कॉस्टिकने, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने, मण्यांवर साचलेला मळ धुऊन काढला की कॉलम पुढच्या फेरीला तयार.

मेख त्या धुण्यातच होती. जुना लिगंड भलता नाजूक. बाई नव्या होत्या तेव्हा त्यांच्या वरिष्ठांनी घाईघाईत कडक कॉस्टिक सोडलं आणि एकाच दुपारी अख्खा कॉलम निकामी झाला. त्या भल्या माणसाला आठवड्याच्या आत नारळ मिळाला. जाताना ते म्हणाले होते, हात नेहमी राखून वापरा. बाईंनी ते इतकं मनावर घेतलं, की घरी भांड्यांना साबण लावतानाही त्यांचा हात आखडायचा आणि नवरा मुकाट्याने तीच भांडी पुन्हा धुवायचा.

अशात वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेतल्या मुलीने नवा लिगंड आणला. मुलगी कसली, तिशी उलटलेली. पण बाईंच्या लेखी मुलगीच. चार वर्षं खपून तिने त्या प्रथिनातले कच्चे दुवे एकेक करून बदलले होते. हा लिगंड कडक कॉस्टिकलाही दाद देत नाही, असं तिचं म्हणणं. साहेबांनी बारा फेऱ्यांची चाचणी ठरवली. बाराव्या फेरीलाही शंभरातली नव्वद अँटिबॉडी हाती आली, तर हा लिगंड मोठ्या कॉलममध्ये जाणार. नाही आली तर ते काम बंद, आणि कामाबरोबर मुलीची नोकरीही.

सूचनांच्या कागदावर लिहिलं होतं: धुण्यासाठी कॉस्टिक पाच मापं. ते वाचून बाईंना जुन्या वरिष्ठांचा नारळ आठवला. कागदावरचा आकडा म्हणजे वरची हद्द असणार, असं त्यांनी आपलं आपणच ठरवलं आणि दोन मापं घातली. रजिस्टरात मात्र नेहमीसारखं 'सूचनेप्रमाणे' लिहून सही ठोकली.

पहिल्या फेरीत पंचाण्णव आली. तिसरीत एकोणनव्वद. सहावीत ब्याऐंशी. बाईंचं डोकं फिरलं. दुरुस्तीवाल्याला बोलावून त्यांनी पंप दोनदा उघडायला लावला आणि वर त्यालाच झापलं. मणी उपसून तेच पुन्हा नीट भरले. तरी वरच्या थरावर मळाची तपकिरी कड धरायची ती धरलीच. घरी नवऱ्याने साधं विचारलं की झालंय काय, तर त्या उसळल्या, की शिकलेल्या पोरी उठसूट नवं काढतात आणि निस्तरायचं आम्ही. मुलगी रोज संध्याकाळी खाली यायची, आलेख निरखायची. एकदा धुण्याबद्दल काही विचारू लागली, तर बाईंनी तिला तिथल्या तिथे गप्प केलं.

नववीत एकाहत्तर आली. साहेबांनी चाचणी गुंडाळायचा कागद तयार केला. उद्या सही होणार होती. त्याच दुपारी स्टोअरकीपर यादी घेऊन आला आणि सहज म्हणाला, की नव्या कागदाप्रमाणे चार फेऱ्यांना कॉस्टिकचा एक कॅन संपायला हवा, तुमचा तर अजून पहिलाच चाललाय.

"बाई, धुताय ना नक्की?" त्याने हसत विचारलं.

तो गेला तरी बाई कॅनकडे बघत उभ्या होत्या. मग जिना चढून थेट मुलीपाशी गेल्या.

"कॉस्टिक मी दोनच मापं घातलं. नऊच्या नऊ फेऱ्यांना."

मुलीने समोरचा आलेख त्यांच्याकडे सरकवला. "मला माहीत होतं, बाई. आलेखात दिसतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, बावीस वर्षांत मला कुणी शिकवलेलं नाही. साहेबांकडे गेले असते तर त्यांनी तरी कुणाचं ऐकलं असतं?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतःचा राग आला, आणि खरं सांगायचं तर त्या पोरीचाही आला, असं मुकाट बुडायला निघाली म्हणून.

साहेबांसमोर बाईंनी नऊ ओळींतलं 'सूचनेप्रमाणे' खोडून नऊदा 'दोन मापं' लिहिलं. साहेबांनी बाईंच्या फाइलवर शेरा मारला, बावीस वर्षांतला पहिला. लिगंडला उद्याची एक फेरी मिळाली. नव्वद आली तरच चाचणी पुन्हा सुरू होणार. आणि यापुढे बाईंचं धुणं मुलीच्या देखरेखीखाली. बाईंच्या अंगाची लाही लाही झाली, पण बोलायला तोंड कुठे होतं?

सकाळी मुलगी वही घेऊन शेजारी उभी राहिली. एक माप, दोन मापं. तिसऱ्याला बाईंचा हात आपोआप थांबला. मुलगी नेहमीसारखी गप्प.

"बोल ना," बाई करवादल्या. "आता तरी बोल!"

"ओता, बाई," ती म्हणाली. "पाचही."

बाईंनी पाचही मापं ओतली. तासाभरात तपकिरी कड निघून गेली आणि दुपारच्या फेरीत त्र्याण्णव आली.